चुकीच्या घराचा फोटो: बदललेल्या आडनावावरून नॉर्वेतलं मूळ कसं शोधायचं

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना अडखळलेलं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



हा एपिसोड मी तीनदा रेकॉर्ड केला आणि दोनदा डिलीट केला. कारण यात माझी एक चूक आहे, आणि त्या चुकीचा फोटो अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका घरात फ्रेम करून भिंतीवर लावलेला आहे.

सांगतो. माझ्या टीममधला एक जण मिनेसोटात असतो. त्याची सकाळ ती माझी संध्याकाळ, त्यामुळे कॉल लवकर संपला की आमच्या गप्पा चालतात. त्याच्या आईचं वय ८४. आम्ही टीममधले सगळे त्यांना आजीच म्हणतो. या आजींचे आजोबा नॉर्वेहून आले, एवढंच घरात माहीत. कुठल्या गावाहून आले, ते कुणालाच ठाऊक नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगितली जाते: "एलिस आयलंडवरच्या कारकुनाला आपलं आडनाव लिहिता आलं नाही, त्याने ते बदलून टाकलं." घरातल्या दोघा-तिघांनी बरीच वर्षं शोधलं, हाती काही लागलं नाही.

मी म्हटलं, जुन्या नोंदी ऑनलाइन आहेत ना? मग एका वीकेंडचं काम. बीटेकवाल्याचा माज, दुसरं काय!

आणि वीकेंडमध्ये सापडलंही. फक्त ते चुकीचं होतं.

आज आपण दोन गोष्टी बघू. नॉर्वेहून अमेरिकेला गेलेल्या माणसाचं मूळ, त्याचं आडनाव बदललेलं असताना, कसं शोधतात. आणि मी कुठे आपटलो. आजींच्या परवानगीने सांगतोय, त्यांचं नाव-गाव मात्र सांगणार नाही.

तीन तुकड्यांचं नाव

आपल्याकडे कुठलाही फॉर्म काढा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तीन रकाने. नॉर्वेतल्या खेड्यातल्या माणसाचं जुनं नावही असंच तीन तुकड्यांचं असायचं. पण तिसरा तुकडा आपल्यासारखा नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

पहिला तुकडा म्हणजे स्वतःचं नाव. दुसरा म्हणजे बापाच्या नावाला 'सेन' किंवा 'दात्तर' जोडायचं. सेन म्हणजे मुलगा, दात्तर म्हणजे मुलगी. समजा हान्सला एक मुलगा आहे, ओले. तो झाला ओले हान्सेन. त्याची बहीण मारी, ती मारी हान्सदात्तर. आता ओलेला मुलगा झाला, नाव ठेवलं पेर. हा पेर 'हान्सेन' नाही बरं का. हा पेर ओलसेन. म्हणजे आजोबा, बाप आणि नातू, तिघांचं हे 'आडनाव' वेगवेगळं. बाईचं नाव लग्नानंतरही बदलत नसे. मारी लग्न करून कुठेही गेली तरी हान्सचीच मुलगी.

आता तिसरा तुकडा. हे होतं वाडीचं नाव. नॉर्वेत आपल्यासारखी दाटीवाटीने वसलेली गावं कमी, डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या शेतवाड्या जास्त. प्रत्येक वाडीला नाव. 'बाक्के' म्हणजे उतार, 'हाउग' म्हणजे टेकाड, 'दाल' म्हणजे दरी, 'विक' म्हणजे समुद्राची खाडी. नावाच्या शेवटी 'रुद' असेल तर जंगल तोडून मोकळी केलेली जागा. तर आपला ओले हान्सेन बाक्केनवर राहतो, म्हणून तो ओले हान्सेन बाक्केन. उद्या तो हाउगेनवर घरजावई म्हणून गेला, की झाला ओले हान्सेन हाउगेन. बायकोच्या वाडीचं नाव नवऱ्याला लागलं, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नसे.

आपल्याकडे 'कर'वाली आडनावं आहेत, त्यामुळे आपल्याला वाटतं की हे समजलं. पण फरक बघा. साताऱ्याहून पुण्याला आलेला सातारकर चार पिढ्यांनंतरही सातारकरच असतो. नॉर्वेत वाडी बदलली की नाव बदललं. आमच्या भाषेत सांगायचं तर ती प्रायमरी की नव्हती, ती 'सध्याचा पत्ता' नावाची फील्ड होती.

शहरातल्या लोकांनी कायमची आडनावं आधीच घ्यायला सुरुवात केली होती. पण प्रत्येक कुटुंबाला एक कायमचं आडनाव हवंच, असा कायदा नॉर्वेत आला तो १९२३ साली. तोवर लाखो लोक देश सोडून गेले होते.

बोरलॉग यांचं उदाहरण

आता एक खरं नाव घेऊ, जे आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय. नॉर्मन बोरलॉग. हरितक्रांतीचा धडा आठवतोय? बुटक्या गव्हाच्या जाती, १९७० चं शांततेचं नोबेल, आणि २००६ साली भारताने दिलेला पद्मविभूषण. या बोरलॉगांचा जन्म १९१४ चा, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या क्रेस्कोजवळचा. पण घराणं नॉर्वेचं.

त्यांचे पणजोबा-पणजी १८५४ साली नॉर्वेतल्या फेयोस या छोट्या गावातून अमेरिकेत विस्कॉन्सिनला आले. पणजोबांचं नाव काय होतं? ओले ओलसन डीबेविग. पणजीचं नाव सोल्वेइग थॉमसदात्तर रिंदे. यात बोरलॉग कुठंय? कुठेच नाही!

आता ही नावं सोडवून बघा. ओले, ओलेचा मुलगा, डीबेविगचा. सोल्वेइग, थॉमसची मुलगी, रिंदेची. म्हणजे नवरा-बायकोचं एकही अक्षर सारखं नाही. आणि यांची मुलं कोण? ओले ओलसन बोरलॉग आणि नील्स ओलसन बोरलॉग. नील्स हे नॉर्मनचे आजोबा.

बाप डीबेविग, पोरं बोरलॉग. तुम्ही 'ओले बोरलॉग' असं टाकून पणजोबांना शोधायला बसलात, तर जन्मभर सापडायचे नाहीत. उलट त्यांचा मुलगा, तोही ओले ओलसन, त्याला बाप समजून बसाल. बापाचं आणि मुलाचं पहिलं नाव सारखं, दुसरं नावही सारखं, फरक फक्त वाडीच्या नावात.

पुढे बघा. जुन्या पद्धतीने नील्सचा मुलगा 'नील्सेन' व्हायला हवा होता. पण नॉर्मनचे वडील हेन्री बोरलॉग झाले, आणि नॉर्मनही बोरलॉग. म्हणजे अमेरिकेत आल्यावर फिरतं नाव गोठलं. नॉर्वेत जो पत्ता होता तो अमेरिकेत आडनाव झाला.

आणि अजून एक खड्डा. नकाशात बोरलॉग टाका. नॉर्वेत लेर्डालमध्ये ई-१६ महामार्गावर बोरलॉग नावाचं ठिकाण ठळकपणे दिसतं. लगेच "सापडलं!" म्हणून स्क्रीनशॉट घ्याल. थांबा. कुटुंब फेयोसचं. नकाशावर नाव दिसलं म्हणजे उमेदवार मिळाला, पुरावा नाही. एकाच नावाच्या वाड्या नॉर्वेत कितीतरी आहेत. उतार आणि टेकाड काय, सगळीकडेच असतं.

हद्दीसुद्धा बदलतात. फेयोस आज विक नगरपालिकेत आहे, पूर्वी लाइकांगरमध्ये होतं. २०२० मध्ये त्या भागाचा जिल्हाही दुसऱ्यात विलीन होऊन वेस्टलांड झाला. त्यामुळे आजच्या पत्त्यावर जुनी चर्चची वही शोधायला गेलात तर कधी कधी रिकाम्या हाताने परत याल. त्या काळात ती वाडी कुठल्या चर्चच्या हद्दीत होती, ते आधी बघावं लागतं.

मग कारकुनाने नाव बदललं का?

आता घराघरांतली ती एलिस आयलंडची गोष्ट. बोरलॉगांचे पणजोबा आले १८५४ ला. एलिस आयलंडचं केंद्र सुरू झालं १८९२ ला. त्याच्या आधीचं न्यूयॉर्कचं कॅसल गार्डन सुरू झालं १८५५ ला. शिवाय १८५० नंतरची काही दशकं नॉर्वेची बहुतेक जहाजं न्यूयॉर्कला जातच नव्हती, कॅनडात क्वेबेकला जायची. तिथून नदी आणि तळ्यांच्या वाटेने लोक विस्कॉन्सिन, मिनेसोटा गाठायचे. म्हणजे कितीतरी कुटुंबांच्या बाबतीत तो कारकून जन्मालाही आला नव्हता.

आणि जे एलिस आयलंडवरून आले त्यांचं काय? तिथले अधिकारी नावं नव्याने लिहीत नव्हते. जहाज जिथून सुटायचं तिथेच प्रवाशांची यादी व्हायची. इथे फक्त त्या यादीवरून प्रश्न विचारून खात्री करायचे. दुभाषेही असायचे.

मग नाव बदललं कुणी? बहुतेक वेळा त्या माणसानेच, किंवा त्याच्या मुलांनी, अमेरिकेत पोचल्यावर. कारणं साधी होती. एका वस्तीत डझनभर ओले ओलसन. टपाल कुणाचं कुणाला जाणार, वाण्याच्या उधारीत कुणाचा हिशोब कुणाच्या नावावर. मग वाडीचं नाव पुढे करायचं. किंवा शाळेतल्या मास्तरला उच्चार जमेना, म्हणून स्पेलिंग बदलायचं. किंवा इंग्रजी वाटेल असं जवळचं नाव घ्यायचं.

उदाहरणं तुमच्या ओळखीची आहेत. हिल्टन हॉटेल! कॉनराड हिल्टन यांचे वडील नॉर्वेत ऑस्लोच्या उत्तरेला, उल्लेनसाकर भागातल्या हिल्टन नावाच्या वाडीवर जन्मले. आज ऑस्लोचा मोठा विमानतळ त्याच भागात आहे. म्हणजे जगभरच्या हॉटेलांवर झळकणारी ती पाटी मुळात एका शेताची. अमेरिकेचे उपाध्यक्ष वॉल्टर मोंडेल हे फ्येरलांडमधल्या मुंदालचे, एक स्वर बदलला. अमेरिकन फुटबॉलचे गाजलेले कोच क्नूट रॉकनी हे वॉसमधल्या रोक्ने वाडीचे, एक अक्षर वाढलं. आणि सायन्सवाल्यांसाठी: सायक्लोट्रॉन बनवणारे अर्नेस्ट लॉरेन्स, १९३९ चं फिजिक्सचं नोबेल, ज्यांच्या नावावरून लॉरेन्सियम आलं. त्यांचे आजोबा नॉर्वेचे, लाव्रेन्सेन. ऐकून कुणाला नॉर्वे आठवेल?

अक्षरांचाही घोळ आहे. नॉर्वेजियन लिपीत 'ओ'वर तिरकी रेघ असलेलं एक अक्षर आहे, 'ए'वर छोटं वर्तुळ असलेलं एक आहे. अमेरिकेत रेघ गळाली, वर्तुळ गळालं. वर्तुळवालं अक्षर जुन्या वह्यांमध्ये दोन 'ए' जोडून लिहायचे. त्यात नॉर्वेची लिखित भाषा तेव्हा डॅनिश वळणाची, आणि जुन्या वह्या गॉथिक हस्ताक्षरात. एकाच वाडीची चार-पाच स्पेलिंगं सहज निघतात.

मी काय केलं

आता माझ्याकडे येऊ. आजींनी मला आजोबांच्या थडग्याचा फोटो पाठवला. त्यावर पहिलं नाव, मग एक अक्षर, मग आडनाव, आणि जन्मसाल १८६१. आडनाव नॉर्वेतल्या एका वाडीवरून आलंय हे मी ओळखलं. खूश! छोटी स्क्रिप्ट लिहिली, स्पेलिंगचे सगळे प्रकार तयार केले.

नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची 'डिजिटालआर्किवेट' नावाची साइट आहे. संपूर्ण मोफत. १८०१, १८६५, १८७५, १९००, १९१० आणि १९२० च्या खानेसुमाऱ्या तिथे नावानिशी शोधता येतात, चर्चच्या वह्यांची पानं स्कॅन केलेली दिसतात. मी १८६५ ची खानेसुमारी घेतली. तेव्हा सगळ्या नॉर्वेची लोकसंख्या साधारण १७ लाख, म्हणजे कॉम्प्युटरला चुटकीसरशी. पहिलं नाव, वाडीचं नाव, वय. एकच मॅच आला. एकच! मालकाचा मुलगा, चार-पाच वर्षांचा, चांगली मोठी वाडी. वाडीचा फोटोही नेटवर सापडला. पांढरं घर, लाल धान्यकोठार, खाली फ्योर्डचं पाणी.

मी तो फोटो पाठवला. आजींनी मोठा करून घेतला, फ्रेम केला. नातवंडांना दाखवला. टीममेट म्हणाला, "आई रात्री दिवा मालवण्याआधी त्याच्यासमोर थांबते." मला काय वाटलं असेल सांगा. प्रॉडक्शनमध्ये एवढं सुंदर रिलीज मी कधीच केलं नव्हतं.

काही महिन्यांनी या एपिसोडची तयारी करताना म्हटलं, त्या वाडीवर नंतर कोण राहिलं तेही सांगू. नॉर्वेची १९०० ची खानेसुमारी उघडली. आणि पोटात गोळा आला. तोच मुलगा तिथे होता. तेच नाव, तोच बाप, तेच जन्मसाल. आता वाडीचा मालक, बायको-मुलांसकट.

पण आजींचे आजोबा १९०० साली मिनेसोटात होते! अमेरिकेच्या त्या वर्षीच्या जनगणनेत ते बायको आणि पाच मुलांसह आहेत, अमेरिकेत आल्याचं सालही लिहिलंय, १८८२. एक माणूस एकाच वर्षी दोन खंडांत राहू शकत नाही.

मी चुकीच्या माणसाला आजोबा करून टाकलं होतं.

परत पहिल्यापासून, उलट्या दिशेने

यावेळी कुणाला काही न सांगता शांतपणे बसलो. आणि जे नियम जाणकार लोक पहिल्या दिवशी सांगतात ते मी चूक केल्यावर शिकलो.

पहिला नियम: नॉर्वेत उडी मारू नका. अमेरिकेतल्या शेवटच्या कागदापासून एकेक पायरी मागे या. मृत्यूचा दाखला, लग्नाची नोंद, जनगणना. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत जन्माचा महिना, साल आणि आगमनाचं साल मिळतं. १८९० ची जवळजवळ सगळी जनगणना मात्र वाया गेली, १९२१ च्या आगीमुळे. नागरिकत्वाच्या जुन्या कागदांत गावाचं नाव सहसा नसतं. उलट तिथे "स्वीडन आणि नॉर्वेच्या राजाशी निष्ठा सोडतो" असं दिसेल. घाबरू नका, तुमचे पूर्वज स्वीडिश निघाले नाहीत. १८१४ ते १९०५ दोन्ही देशांचा राजा एकच होता.

दुसरा नियम: बापाचं नाव ही खरी किल्ली. थडग्यावर मधलं एक अक्षर होतं, 'एन'. मी ते सोडून दिलं होतं, कारण माझ्या स्क्रिप्टमध्ये त्याला रकानाच नव्हता. मला सापडलेल्या मुलाचा बाप होता लार्स. मग मधलं अक्षर 'एल' असायला हवं. 'एन' म्हणजे नील्सेन, नील्सचा मुलगा. मृत्यूच्या दाखल्यावरही वडिलांचं नाव नील्स. आता बोला! मी महाराष्ट्रातला माणूस. माझ्या प्रत्येक मार्कशीटवर, आधारवर, पासपोर्टवर माझ्या बाबांचं नाव मध्ये छापलेलं आहे. मधल्या नावात बाप असतो हे जगात कुणाला नाही तरी मला कळायला हवं होतं.

तिसरा नियम: अमेरिकेतली नॉर्वेजियन चर्चं हा पूल आहे. तिथल्या लुथरन मंडळींच्या नोंदवह्या नॉर्वेजियनमध्ये लिहिलेल्या, आणि पाद्रीही तिकडचाच, त्यामुळे तो जन्मतारीख आणि मूळ गाव नीट लिहायचा. आजींच्या आजोबांच्या चर्चच्या वहीत पूर्ण जन्मतारीख मिळाली आणि नॉर्वेतल्या पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या हद्दीचं नाव मिळालं. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला नॉर्वेजियन अमेरिकन वंशावळींचं एक केंद्रच आहे, तेही याच प्रकारच्या नोंदी सांभाळतं.

चौथा नियम: एका कागदावर विश्वास नको, साखळी जुळवा. बाप्तिस्म्याच्या वहीत ती तारीख उघडली. मूल सापडलं. बाप नील्स. व्यवसायाच्या जागी लिहिलेलं: हूसमन. आणि जागेचं नाव, त्याच मोठ्या वाडीच्या नावाला 'एइए' असं शेपूट लावलेलं.

हे शेपूट महत्त्वाचं. त्याचा अर्थ, वाडीच्या मालकीच्या जमिनीवरची एखादी झोपडी. हूसमन म्हणजे जमीन नसलेला माणूस. मालकाच्या जागेत राहायचं, तुकडाभर वावर पिकवायचं, आणि बदल्यात मालकाच्या शेतावर राबायचं. १८६५ च्या खानेसुमारीत त्या झोपडीची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने होती, म्हणून वाडीच्या नावाने शोधल्यावर ते पोर आलंच नाही. मला "एकच मॅच" आला तो त्यामुळे. सर्चमध्ये एकच नाव आलं म्हणजे जगात एकच माणूस आहे असं नसतं.

मग पुढची कडी, कन्फर्मेशन. हे नॉर्वेत १७३६ पासून सक्तीचं होतं, त्यामुळे साधारण १५ व्या वर्षी प्रत्येक जण वहीत पुन्हा दिसतो, जन्मतारीख आणि आईबापाच्या नावासकट. देवीची लस कधी टोचली तेही लिहिलेलं असतं. पोरगा तिथे होता.

मग पोलिसांच्या वह्या. १८६० च्या दशकाच्या शेवटापासून मोठ्या बंदरांवर पोलीस परदेशी जाणाऱ्यांची यादी ठेवायचे: नाव, वय, राहण्याचं ठिकाण, कुठे जाणार. बोरलॉगांचे पणजोबा १८५४ चे, त्यांच्यासाठी हा मार्ग बंद. तिथे चर्चच्या वहीतली 'गाव सोडून गेलेले' ही यादी बघावी लागते. आपला माणूस १८८२ चा, म्हणून यादीत सापडला. आणि तिथे त्याचं नाव होतं फक्त नील्सेन. वाडीचं नाव नाहीच!

म्हणजे तो जहाजावर नील्सेन म्हणून चढला. ते आडनाव त्याने मिनेसोटात जाऊन स्वतः घेतलं. कुठल्या कारकुनाने लादलं नाही.

पाचवा नियम, जो मी पाळला असता तर हा एपिसोड झालाच नसता: तुमचाच निष्कर्ष पाडायचा प्रयत्न करा. त्याच नावाचं मूल लहानपणी गेलं तर नाही ना, दफनाची वही बघा. लहान मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची तिथे रीत होती. तो माणूस नंतरच्या खानेसुमारीत नॉर्वेतच तर नाही ना, ते बघा. यावेळी मी बघितलं. १८७५ ला तो आईबापाबरोबर झोपडीत आहे. १९०० ला नॉर्वेत नाही.

आणखी एक आधार: मुलांची नावं. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, ही सर्वसाधारण पद्धत. आजींच्या सगळ्यात मोठ्या काकांचं नाव होतं नील्स. हे नाव घरात सगळ्यांना माहीत होतं. विचारायचं मलाच सुचलं नाही.

का गेले हे लोक

इथे क्षणभर थांबू. जुलै १८२५ मध्ये 'रेस्टोरेशन' नावाचं छोटं गलबत स्टावांगरहून ५२ जणांना घेऊन निघालं. वाटेत एक बाळ जन्मलं, आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोचले ते ५३. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त नॉर्वेजियन उत्तर अमेरिकेला गेले. लोकसंख्येच्या मानाने बघितलं तर यात युरोपात आयर्लंडच पुढे.

कारण जमीन. नॉर्वेत पिकाखालची जमीन जेमतेम तीन टक्के. वाडी थोरल्या मुलाकडे जायची. धाकट्यांनी आणि हूसमनच्या पोरांनी काय करायचं? तिकडे अमेरिकेने १८६२ च्या कायद्याने पाच वर्षं कसून दाखवणाऱ्याला १६० एकर द्यायचं ठरवलं.

हे कळल्यावर ते आडनाव मला वेगळं दिसायला लागलं. जी वाडी त्याच्या बापाची कधीच नव्हती, जिथे बाप राबला, तिचं नाव त्याने स्वतःला लावलं. हौसेने? आठवणीने? की फक्त टपाल नीट यावं म्हणून? कागद यावर काही बोलत नाही, मग मीही बोलत नाही.

आजींना सांगणं

सांगावं की नाही, यावर मी चार दिवस काढले. टीममेट म्हणाला, राहू दे ना, आई खूश आहे. मलाही ते सोपं वाटलं. पण मग लक्षात आलं, तो फोटो आता नातवंडांच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये गेलाय, एकाने ऑनलाइन वंशावळीतही टाकलाय. तिथून लोक कॉपी करणार. नॉर्वेतल्या त्या दुसऱ्या माणसाचेही वंशज असतील; त्यांचा पणजोबा मी उचलून मिनेसोटात नेऊन पुरला होता. आणि आजींचे खरे पणजोबा, तो झोपडीतला नील्स, त्याला मी पुसून टाकलं होतं.

व्हिडिओ कॉल केला. स्क्रीन शेअर करून बाप्तिस्म्याचं पान दाखवलं. आधी सॉरी म्हटलं, मग सगळं सांगितलं. आजींनी मध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाल्या, "ती झोपडी आहे का अजून?"

उपग्रहाच्या नकाशात मी बघितलं होतं. नाही. तिथे आता झाडी आहे.

"आणि माझ्या भिंतीवर आहे ते घर मालकाचं?"

"हो."

थोडा वेळ गेला. मग म्हणाल्या, "मग राहू दे तिथेच. माझ्या आजोबांनी तिथली बर्फं उपसली असतील." आणि फोटोखाली लावायला त्या पानाची प्रिंट मागितली. बापाचं नाव असलेली ओळ मोठी दिसेल अशी.

ती मी पाठवली. यावेळी पाठवण्याआधी तीनदा तपासून.

तर मंडळी, तुमचा एखादा मित्र, रूममेट, ऑफिसातला कुणी असं काही शोधत असेल तर त्याला हा एपिसोड पाठवा. त्याला पहिला प्रश्न "आडनाव काय?" असा विचारू नका. "त्यांच्या वडिलांचं नाव काय होतं?" असं विचारा. आणि जमलं तर आज जेवताना तुमच्या आजी-आजोबांनाही त्यांच्या आजोबांचं नाव विचारा. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आमच्या आजींच्या घरात ते विचारायचं राहून गेलं होतं.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. काळजी घ्या.